विचारण्याआधीचं उत्तर

अहिल्यानगर, सावेडी
२४ जून २०२५

ती. मच्छिंद्रमामांस,

साष्टांग नमस्कार, आणि पत्राच्या सुरुवातीला आणखी जे जे लिहायचं असतं ते सगळं लिहिलंय असं समजा. काल आपण फोनवर अकरा मिनिटं बोललो. त्यातली नऊ मिनिटं तुम्ही "हॅलो, हॅलो" करत होतात आणि उरलेली दोन मी. शेवटी मामीनं फोन घेतला आणि म्हणाली, "तुज्या मामाला कागुद धाड. फोनचं काम ऱ्हायलं न्हाई आता." म्हणून हा कागद. गोरक्ष टेम्पोतून अंडी घेऊन नगरला येतो आणि रिकामे ट्रे घेऊन श्रीरामपूरला जातो, त्या ट्रेंबरोबर पत्र तुमच्याकडे पोहोचेल. वास आला तर नाक मुरडू नका.

काम असं आहे. कॉम्प्युटरवर प्रोग्राम लिहायची जी वही असते तिला एडिटर म्हणतात. आमची कंपनी पहिल्यांदाच प्रोग्रामिंग शिकणाऱ्या मुलांसाठी एक एडिटर बनवते आहे, मराठीतून बोलणारा. त्यात मदतीचं एक बटण आहे आणि ते बटण माझ्या गळ्यात आहे. आज ते दाबलं की सव्वाचारशे पानांचं पुस्तक उघडतं. पोरगं अडकलेलं असतं एका ओळीत आणि आपण त्याच्या अंगावर अख्खं पुस्तक टाकतो. ते पुस्तक बंद करतं आणि शेजारच्याचं बघून लिहितं.

मला असं करायचंय की मुलगा कुठल्या ओळीवर थांबलाय, आत्ता काय लिहिलं, काय खोडलं, हे मशीननं बघावं आणि तेवढ्यापुरतीच मदत द्यावी. बारा ऑगस्टला कॉलेजांचे प्राध्यापक बघायला येणार आहेत. त्यांना पटलं तर पाच कॉलेजांत आमचा एडिटर लागेल आणि माझी नोकरी कायम होईल. नाही पटलं तर कल्याण सर म्हणाले, "मग बघू." आमच्या सरांचं 'मग बघू' मागच्या वर्षी एकाला मिळालं होतं. तो आता राहुरीत मोबाईलचं दुकान चालवतो.

मामा, तुम्ही सव्वीस वर्षं एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसलात. आई सांगते, माणसानं विचारायच्या आधी तुमचं उत्तर तयार असायचं. ते कसं काय जमायचं? मला ते मशीनला शिकवायचंय. सविस्तर लिहा, लाजू नका.

तुमची भाची,
रेश्मा

श्रीरामपूर
२९ जून २०२५

चि. रेश्मास,

माझे आशीर्वाद पत्रातून, मामीचे लोणच्याच्या बरणीतून. बरणी उभी ठेव, झाकण ढिलं आहे.

सव्वीस नव्हे, सत्तावीस वर्षं. एक वर्ष खाल्लंस माझं.

पोरी, खिडकीत बसणाऱ्या माणसानं घड्याळ कमी आणि माणूस जास्त बघायचा असतो. रेल्वेतून उतरून स्टँडवर आलेला माणूस लांबूनच ओळखू येतो. तो डब्यात बसून आलेला असतो, त्याची मान आखडलेली असते. त्याला गाडीची वेळ सांगायच्या आधी पाण्याचा नळ दाखवायचा. बाजार करून आलेली बाई पिशवी दोन्ही पायांमध्ये ठेवून विचारते. तिला घाई नसते, तिला वस्तीवर थांबणारी गाडी हवी असते. कॉलेजची पोरं "पुढची गाडी किती वाजता?" असं विचारतात, तेव्हा समोर उभी असलेली गाडी त्यांना चुकवायची असते. आणि नवं लग्न झालेलं जोडपं आलं की बोलतो नवरा, पण बायको ज्या गाडीकडे बघत असते तीच खरी. मी तोंडानं नवऱ्याला उत्तर द्यायचो आणि बोट तिच्या गाडीकडे करायचो. एकदाही चुकलो नाही.

शनिवारी तर तोंडच उघडू द्यायचो नाही. हातात तेलाची बाटली आणि नारळ दिसला की, "शिंगणापूर, फलाट तीन, चला बसा!" माणूस चकित. काही जण मला नमस्कार करून जायचे. नेवाशाचा एक म्हातारा तर म्हणाला, "तुमाला अंतर्ज्ञान हाय साहेब." मी नाही म्हटलं नाही.

तर तुझ्या मशीनला सांग, माणूस बघ, हातात काय आहे ते बघ, कुठून आलाय ते बघ आणि विचारायच्या आत उत्तर देऊन मोकळा हो. लोकांना विचारायला आवडत नाही. विचारणं म्हणजे आपल्याला येत नाही हे चारचौघांत सांगणं.

कान गेले म्हणून शेवटचं वर्ष पार्सलच्या खोलीत काढलं, नाहीतर खिडकी सुटली नसती.

तुझा,
मच्छिंद्रमामा

अहिल्यानगर
१३ जुलै २०२५

ती. मामांस,

नमस्कार, आणि आज जरा मोठा नमस्कार.

तुमचं पत्र मी ऑफिसात मोठ्यानं वाचून दाखवलं. नवऱ्याबायकोच्या गाडीवर सगळे एवढे हसले की कल्याण सर केबिनमधून बाहेर आले. मग त्यांनाही वाचून दाखवावं लागलं. आठवडाभर राबून आम्ही बटणाचं काम बदललं. आता बटणावर 'मदत' नाही, 'चौकशी' लिहिलंय. ते दाबायचीही फारशी गरज नाही. मुलगा एका जागी थोडा वेळ थांबला की शेजारी एक चौकट उघडते, आणि त्याला काय हवंय ते ओळखून एकच उत्तर देते. "ही ओळ अशी लिहा." बस्स.

गेल्या आठवड्यात पारनेरच्या एका कॉलेजात चाळीस मुलांवर चाचणी केली. त्यांच्या परवानगीनं स्क्रीनचं चित्रीकरणही केलं. मामा, दहातल्या नऊ मुलांनी चौकट सांगेल तसं केलं! आधीच्या पुस्तकाला दहातला एकसुद्धा हात लावत नव्हता. संस्कृती नावाची एक मुलगी आहे, वडिलांचं दूध संकलन केंद्र आहे. ती गवळ्यांच्या दुधाची बेरीज करणारा प्रोग्राम लिहीत होती. तिनं आमचा सल्ला पाच वेळा घेतला, एकदाही कुरकुर नाही. कल्याण सरांनी पाठ थोपटली. त्यांनी पाठ थोपटलेली ऑफिसात आजवर कुणी बघितली नव्हती.

प्राध्यापकांसमोर मी सुरुवात तुमच्यापासून करणार आहे. तुमचा खिडकीतला एखादा फोटो असेल तर पाठवा, टोपी घातलेला नको.

लोणचं संपलं. बरणी परत पाठवतेय, रिकामी बरणी दिसली की मामीला काय करायचं ते कळतं.

तुमची,
रेश्मा

अहिल्यानगर
२१ जुलै २०२५

ती. मामा,

आठ दिवस झाले. बरणी भरून आली, पत्र आलं नाही. गोरक्षला विचारलं तर म्हणाला, "मामा रोज सांगत्यात, उद्या देतो. कागुद फुडं घिऊन बसत्यात आन् तसंच उठत्यात. कायतरी हाय बगा." तब्येत बरी आहे ना? फोटो मागितला म्हणून रागावलात की काय? टोपीवाला चालेल.

रेश्मा

श्रीरामपूर
२५ जुलै २०२५

चि. रेश्मास,

तब्येत ठणठणीत आहे. फोटोही आहे. पण तो तू लोकांना दाखवायच्या आधी एक गोष्ट तुला सांगितली पाहिजे. ती मी तुझ्या मामीलासुद्धा सांगितलेली नाही. हे चौथं पत्र लिहितोय, आधीची तीन चुलीत गेली.

मी लिहिलं होतं की एकदाही चुकलो नाही. ते खोटं आहे.

२०१९ सालची शनि-अमावास्या. स्टँडवर पाय ठेवायला जागा नव्हती. खिडकीशी एक म्हातारी आली. अनवाणी, हातात तेलाची बाटली, पिशवीतून नारळाची शेंडी बाहेर. तिचे ओठ हलले. मी नेहमीसारखं म्हणालो, "शिंगणापूर, फलाट तीन, जादा गाडी लागलीय, पळा!" ती तिथंच उभी राहिली. पुन्हा ओठ हलले. मी हातानं तीन बोटं दाखवली, मोठ्यानं, "अहो आजी, तीन नंबर!" ती गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा जावई आला. काचेवर हात आपटून विचारत होता, आमच्या म्हातारीला कुठं पाठवलं होतं? टाकळीभानची बनुबाई. तिला कोपरगावला जायचं होतं, लेकीच्या बाळंतपणाला. तेल बाळंतिणीच्या अंगाला लावायचं होतं, नारळ ओटीचा होता. कोपरगावची गाडी त्या वेळी माझ्या खिडकीच्या अगदी समोर उभी होती. लेक बाळंत झाली तेव्हा आई शिंगणापूरच्या गर्दीत होती. लेकीनं रात्रभर आईची वाट बघितली. त्या मायलेकी मला अजून शिव्या देत असतील.

आता खरी गोष्ट. पोरी, ती काय म्हणाली ते मला ऐकूच आलं नव्हतं. त्याच्या आधीची तीन-चार वर्षं मला कुणाचंच नीट ऐकू येत नव्हतं. विचारायच्या आधी उत्तर देण्याची माझी जी कीर्ती होती ना, तिचं मूळ हे. पुन्हा विचारायला लावलं असतं तर मागच्या रांगेला कळलं असतं की खिडकीतला कंट्रोलर बहिरा झालाय. म्हणून मी बघून बघून ओळखायला लागलो आणि लोक म्हणाले, वा! बहुतेक वेळा बरोबरही यायचं, त्यामुळे जास्तच फुशारलो.

जावई गेल्यावर मी त्याच दिवशी पार्सलच्या खोलीत बदली मागून घेतली. सगळ्यांना सांगितलं कानामुळे. ते खरं होतं आणि खोटंही.

तुझ्या मशीनला ऐकू येतं का गं? मला वाटतं नाही. ते माझ्यासारखंच नुसतं बघतंय. फोटो पाठवत नाही.

मच्छिंद्रमामा

अहिल्यानगर
२८ जुलै २०२५

ती. मामांस,

पत्र वाचून मी आधी रडले, मग चिडले, आणि मग ऑफिसात जाऊन पारनेरचं सगळं चित्रीकरण पुन्हा बघत बसले. या वेळी आकडे बघितले नाहीत, मुलं बघितली.

संस्कृतीला एका गवळ्यानं दूध घातलं की तिथपर्यंतचे एकूण लिटर दिसायला हवे होते. दुसऱ्यानं घातलं की पुन्हा, तिसऱ्याचं झालं की पुन्हा. त्यांच्या केंद्रावर तसंच लागतं, कॅन भरत आला की कळायला हवं. तिनं ते अगदी बरोबर लिहिलं होतं. फक्त पुढची ओळ लिहिताना ती जरा थांबली. तेवढ्यात आमची चौकट उघडली आणि म्हणाली, "बेरीज एकदाच, शेवटी दाखवा. ही ओळ इथून काढा." पुस्तकातल्या उदाहरणात तसं असतं म्हणून मशीन धरून चाललं की हिलाही तेच हवंय. मामा, ती पोरगी त्या ओळीकडे बराच वेळ बघत होती. कर्सर दोनदा तिच्यावर नेला, दोनदा मागे घेतला. मग स्वतःची बरोबर ओळ तिनं खोडून टाकली. अशा अकरा मुलांनी बरोबर लिहिलेलं खोडलंय. आणि ते सगळं मी 'सल्ला घेतला' म्हणून आनंदानं मोजलं होतं.

मला आता एक बदल करायचाय. चौकटीनं उत्तर द्यायच्या आधी वरच्या ओळीत सांगायचं, "तुम्हाला शेवटी एकच बेरीज हवी आहे, असं धरलं आहे. तसं नसेल तर इथे दाबा." आपण काय धरून चाललोय ते आधी कबूल करायचं. कल्याण सर म्हणाले, "बारा तारखेला पंधरा दिवस उरलेत आणि तू मशीनला अडखळायला शिकवतेस? प्राध्यापकांना वाटेल याला काही येत नाही." मी म्हटलं, सर, मला हे बदलल्याशिवाय दाखवता येणार नाही. ते म्हणाले, "मग बघू."

तर मीही आता राहुरीच्या रस्त्याला लागलेय.

पण तुम्हाला एक विचारते. बनुबाईंना तुम्ही भेटलात का कधी? सहा वर्षं तुम्ही धरून चालला आहात की ती तुम्हाला शिव्या देत असेल, लेकीनं तिला माफ केलं नसेल. हे तुम्हाला कुणी सांगितलं? टाकळीभान काही लंडनमध्ये नाही. जा आणि विचारा. आणि आईनं तीन वर्षांपूर्वी कानाचं मशीन आणून दिलंय ते कपाटात आहे, हे मामीनं मला सांगितलंय. ते घालून जा. या वेळी ती काय म्हणते ते ऐकू यायला हवं.

मी रागावले नाहीये. म्हणजे थोडी आहे, पण ती तुम्ही मामीला सांगितलं नाही म्हणून.

तुमची,
रेश्मा

श्रीरामपूर
६ ऑगस्ट २०२५

चि. रेश्मास,

मामीला सांगितलं. ती म्हणाली, "मला ठावं हुतं, तुमी झोपंत बडबडता." सहा वर्षं गप्प होती बाई. वर म्हणाली, मी पण येते. म्हणून दोघंही टाकळीभानला गेलो.

कानात मशीन घातलं होतं. पहिला अर्धा तास वाटलं, अख्खा श्रीरामपूर स्टँड माझ्या डोक्यात शिरलाय. मामीच्या बांगड्यासुद्धा एवढ्या वाजतात हे मला लग्नाच्या वेळेनंतर आत्ता कळलं.

बनुबाई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. सत्तरीची असेल, पण बोटं चरकासारखी चालतात. मी नाव सांगितलं, स्टँडचं सांगितलं, त्या अमावास्येचं सांगितलं, आणि हात जोडून उभा राहिलो. तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि आत हाक मारली, "गं सूनबाई, च्या टाक. मला शनिदेवाला धाडनारा आलाय!"

मग जे हसायला लागली ते थांबेच ना.

म्हणाली, "आरं बाबा, मी तुला दोनदा म्हनले, कोपरगाव. दोनदा! तू आपला तीन बोटं नाचवतोय. मला पाटी वाचता येती. चौथीपत्तुर शिकलेय मी. समूर कोपरगावची गाडी उभी हुती, ती बी दिसत हुती. पन तू इतक्या जोरात सांगितलंस, म्हनलं ह्यो सायेब हाय, ह्याला माज्यापरीस जास्ती ठावं असनार. जाऊन बसले."

रेश्मा, पुढचं ऐक. ती जादा गाडी त्या दिवशी नेवाशावरून सोडली होती. म्हणजे वाटेत टाकळीभान. "गाडी माज्याच गावातनं गेली की रं! खिडकीतनं आमचा गोठा दिसला. ह्यो आमचा मोठा ल्योक, म्हशीला पानी पाजत हुता. मी त्येला बघितलं, त्येनं न्हाई बघितलं." मामीनं विचारलं, "मग उतरला का न्हाई, आक्का?" तर म्हणते, "म्हनलं कोपरगावला नवा रस्ता काढला असंल. खिडकीतला सायेब येवढा खातरीनं सांगतोय, मी कशाला मधी तोंड घालू?"

तिघंही हसलो. मी हसताना रडलोही, ते लपवायला चहा पुरला नाही.

शिंगणापुरात उतरली तेव्हा लोक तिला म्हणाले, तेल वाहा. तिनं वाहिलं नाही. "बाळंतिनीचं त्याल हुतं ते. देवाला हात जोडले, म्हनलं, बाबा, चुकून आलेय, राग धरू नगं." दुसऱ्या दिवशी दुपारी कोपरगावला पोचली. लेक आधी रुसली, मग सगळं ऐकून इतकी हसली की टाके दुखायला लागले. नातवाचं नाव हर्षल. सहा वर्षांचा आहे आणि सध्या आजीकडेच आलाय. त्याला ही गोष्ट पाठ आहे. मी निघताना तो मला तीन बोटं दाखवत होता.

कुणी शिव्या देत नव्हतं गं. सहा वर्षं मीच माझ्या मनानं धरून चाललो होतो.

पण एक गोष्ट मात्र मला लागली, आणि ती तुझ्या कामाची आहे. मला वाटायचं, मी तिला चुकीची गाडी सांगितली. ते तर झालंच. पण मी ज्या आवाजात सांगितलं, त्या आवाजानं तिला स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवू दिला नाही. स्वतःचं घर खिडकीतून मागे जाताना दिसलं, तरी बाई बसून राहिली. तुझ्या त्या संस्कृतीनंही हेच केलं. तू ती ओळ घाल. कल्याण सर काहीही म्हणोत. राहुरीचं दुकान चालवायची वेळ आलीच तर मी गल्ल्यावर बसेन, आता मला ऐकू येतं.

फोटो सोबत आहे. टोपीवालाच आहे, दुसरा नाही.

तुझा,
मामा

अहिल्यानगर
१३ ऑगस्ट २०२५

ती. मामांस,

नमस्कार. घाईत लिहितेय, गोरक्ष खाली हॉर्न वाजवतोय.

ओळ घातली. काल प्राध्यापक आले, आठ जण. मी संस्कृतीलाही पारनेरहून बोलावलं होतं. तिनं सगळ्यांसमोर तोच दुधाचा प्रोग्राम पुन्हा लिहायला घेतला. आणि मामा, आमच्या मशीननं सगळ्यांदेखत पुन्हा तीच चूक केली! चौकट उघडली, मोठ्या पडद्यावर दिसलं, "तुम्हाला शेवटी एकच बेरीज हवी आहे, असं धरलं आहे." कल्याण सरांनी डोळे मिटले.

संस्कृतीनं ओळ वाचली आणि सहज म्हणाली, "छे, मला कुठं शेवटी पायजे? परतेक गवळ्यामागं पायजे." आणि खालचं बटण दाबलं. चौकट बदलली, तिला हवं होतं तेच आलं. तिनं स्वतःची एकही ओळ खोडली नाही. मग तिनं मागे वळून मला विचारलं, "ताई, मागच्या टायमाला माझंच बरोबर होतं का?" मी म्हटलं, होय, तुझंच बरोबर होतं. तिचा चेहरा तुम्ही बघायला हवा होतात.

पहिल्या रांगेत गहिनीनाथ सर म्हणून एक वयस्कर प्राध्यापक होते. ते म्हणाले, "हे चुकलं, पण पोरीला चुकू दिलं नाही. मला तीस वर्षांत वर्गात हे जमलं नाही." तेव्हा मी तुमचा फोटो पडद्यावर लावला आणि बनुबाईची गोष्ट सांगितली. तुमच्या कानांचंही सांगितलं, तुम्ही फोटो पाठवलात म्हणजे परवानगी दिलीत असं धरलं. तसं नसेल तर कळवा! गोठा मागे गेला तिथं सगळे हसले.

पाचपैकी चार कॉलेजांनी होकार दिलाय. पाचवं कॉलेज म्हणतं, त्यांना सव्वाचारशे पानांचं पुस्तकच बरं वाटतं. एक सप्टेंबरपासून मी कायम. कल्याण सर म्हणाले, "ठीक आहे." एवढंच म्हणाले. मी 'मग बघू'ची वाट बघत उभी होते, पण ते पुढे काही बोललेच नाहीत.

आता तुम्हाला ऐकू येतं, तर रविवारी फोन करू का?

तुमची,
रेश्मा

श्रीरामपूर
२४ ऑगस्ट २०२५

चि. रेश्मास,

पेढे पोहोचले. मामीनं अर्धा डबा टाकळीभानला पाठवला. कानांचं सांगितलंस ते बरं केलंस, राग नाही. फोन करू नकोस. फोनवर तू 'हो' आणि 'बरं' एवढंच बोलतेस, पत्रात माणसासारखी बोलतेस.

काल शनि-अमावास्या होती. सहा वर्षं मी या दिवशी स्टँडकडे फिरकत नव्हतो. काल गेलो. खिडकीत आता सिमरन नावाची चुणचुणीत मुलगी असते. तिला म्हटलं, गर्दी आहे, मी बाहेर उभा राहून मदत करू का? ती म्हणाली, "या की काका, बरंच होईल."

पहिलीच बाई आली. अनवाणी, बाटली, नारळ. मी विचारलं, "शिंगणापूरलाच ना?" ती कडाडली, "मग काय शिनिमाला? बाटली दिसंना व्हय?" सिमरन काचेमागे तोंड दाबून हसत होती. दिवसभरात असे पंधरा-वीस वेळा बोल खाल्ले. पण विचारल्याशिवाय एकालाही सांगितलं नाही. दोन जण बाटली घेऊन वैजापूरला चालले होते, बरं का.

अकराच्या सुमाराला मागून कुणीतरी सदरा ओढला. बघतो तर बनुबाई. एका हातात तेलाची बाटली, पिशवीत नारळ, दुसऱ्या हाताला नातू. माझ्यासमोर ठाण मांडून उभी राहिली आणि म्हणाली, "वळख. कुटं चाललेय?" हर्षल लगेच तीन बोटं काढून तयार.

मी बाटली बघितली, नारळ बघितला, पाय बघितले. अमावास्या, शनिवार. सगळं समोर होतं. म्हटलं, "मला नाही माहीत मावशी. तुम्ही सांगा."

ती एवढी खूश झाली की विचारू नकोस. "कोपरगावला! नातवाला सोडाया चाललेय. धाकटी लेक बी तितंच दिलीया, तिला दिवस गेल्यात, तिच्यासाठी त्याल. आन् आज तरी गाडी तीच हाय का, नीट बगून सांग."

मी त्यांना घेऊन फलाट एकवर गेलो, खिडकीजवळची जागा मिळवून दिली आणि पिशवी पायाशी ठेवली. गाडी सुटेपर्यंत खालीच उभा होतो. पाटी मी दोनदा वाचली, आणि तिच्याकडूनही मोठ्यानं वाचून घेतली.

तुझा,
मच्छिंद्रमामा